जानेवारीत पास, वैशाखात नापास: आय५-१२६००के ओव्हरक्लॉक करताना

प्रश्न: माझ्याकडे इंटेलचा कोअर आय५-१२६००के प्रोसेसर, झेड६९० मदरबोर्ड, डीडीआर४ ३६०० ची रॅम आणि जुन्या मशीनवरून काढून लावलेला एका पंख्याचा टॉवर कूलर आहे. व्हिडिओ बघून सगळे पी-कोअर (प्रोसेसरमधले मोठे, वेगवान कोअर) ५.२ गिगाहर्ट्झवर आणि व्होल्टेज १.४० वर ठेवलं. जानेवारीत रात्री सिनेबेंच (प्रोसेसरला पूर्ण ताण देणारी चाचणी) दहा मिनिटं चालवलं, पास झालं, तापमान ९२ होतं. एप्रिल लागला तसं तापमान १०० ला टेकतं, गेम तासाभरात बंद पडतात, मध्येच निळा स्क्रीन येतो. लिक्विड कूलर घेऊ का? की प्रोसेसरच खराब निघाला? (अकोल्याहून एक विद्यार्थी)

उत्तर:

प्रोसेसर खराब नाही. लिक्विड कूलरचे पैसेही तूर्त खिशातच राहू द्या. तुमचं मशीन जानेवारीच्या रात्रीसाठी ओव्हरक्लॉक झालंय, म्हणजे कंपनीच्या वेगाच्या वर नेलंय, आणि तुम्ही ते अकोल्याच्या एप्रिलमध्ये चालवताय, एवढाच घोळ आहे. मी जळगावात वीस-बावीस वर्षं मशीन जोडतोय, दुरुस्त करतोय. दरवर्षी गुढीपाडवा झाला की हीच तक्रार घेऊन दोन-चार पोरं दुकानात येतात. थंडीत कुणी येत नाही.

आधी साधी वजाबाकी करू. जानेवारीत रात्री तुमची खोली साधारण २० अंशांवर असणार. प्रोसेसर ९२ वर गेला. म्हणजे तो खोलीपेक्षा ७२ अंशांनी गरम झाला. महत्त्वाचा आकडा ९२ नव्हे, ७२. एवढ्या व्होल्टेजला एवढा वेग चालवला की तुमचा कूलर खोलीच्या वर ७२ अंशांवर जाऊन स्थिरावतो. खोली बदलली तरी हा फरक जवळपास तोच राहतो, कारण हवेवरचा कूलर काय की लिक्विड कूलर काय, शेवटी उष्णता खोलीच्याच हवेत टाकतो. आता एप्रिलची खोली धरा ३८. त्यात ७२ मिळवा. झाले ११०. पण १२६००के ला १०० ची मर्यादा आहे. तिथे पोचला की तो स्वतःच वेग कमी करतो. म्हणजे ज्या ५.२ चा तुम्हाला अभिमान आहे ते एप्रिलमध्ये ५.२ राहिलेलंच नाही. एचडब्ल्यूइन्फो (मशीनचं तापमान, व्होल्टेज दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडून ‘थर्मल थ्रॉटलिंग’च्या ओळी बघा, तिथे ‘येस’ दिसेल.

मग मशीन नुसतं मंद का होत नाही, कोसळतं का? चिप जितकी गरम, तितकं त्याच वेगाला तिला जास्त व्होल्टेज लागतं. जानेवारीत १.४० जेमतेम पुरत होतं, १०० अंशांना ते पुरत नाही. त्यात गरम चिपमधून विजेची गळतीही वाढते, म्हणजे उष्णता आणखी वाढते. वजाबाकीचं गणित प्रत्यक्षात थोडं माझ्या आकड्यांपेक्षा वाईटच निघतं, चांगलं कधी निघत नाही. आणि व्होल्टेज पुरत नाही म्हणून ते १.४२ करावं, तर उष्णता अजून वाढते. या भोवऱ्यात सापडलेली माणसं मी पाहिली आहेत. ती शेवटी ३६० मिलिमीटरच्या रेडिएटरचा लिक्विड कूलर घेतात आणि मे महिन्यात पुन्हा येतात.

आता दुसरं गणित, हे जास्त डोळे उघडणारं आहे. प्रोसेसर खातो ती वीज वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. तुमचं ५.२ ला १.४० आणि त्याऐवजी ४.९ ला १.२५, अशी तुलना करा. १.४० भागिले १.२५ म्हणजे १.१२. त्याचा वर्ग साधारण १.२५. त्याला ५.२ भागिले ४.९, म्हणजे १.०६ ने गुणा. उत्तर १.३३. सहा टक्के वेगासाठी तुम्ही तेहतीस टक्के जास्त उष्णता पदरात घेतलीत. आणि गेममध्ये ते सहा टक्केही दिसत नाहीत, कारण बहुतेक वेळा ग्राफिक्स कार्डच अडून बसलेलं असतं. हाच ७२ चा फरक आता १.३३ ने भागा, ५४ येतो. ३८ च्या खोलीत ९२. आणि ४.८ ला १.२० वर उतरलात तर फरक ४९ वर येतो, म्हणजे ४२ च्या खोलीतही ९१. तेही सिनेबेंचसारख्या पूर्ण ओझ्याखाली. गेममध्ये याहून बरंच कमी.

म्हणून माझी पद्धत व्हिडिओवाल्यांच्या उलटी आहे. ते आधी वेग ठरवतात आणि तो उभा राहीपर्यंत व्होल्टेज चढवत जातात. मी आधी मे महिन्यातली खोली धरतो, त्यात कूलरला झेपेल एवढं व्होल्टेज ठरवतो आणि मग तेवढ्यात किती वेग मिळतो ते बघतो. मिळेल तो आपला. नाही मिळाला तर नाही.

पण त्याआधी एक शंका. कूलर जुन्या मशीनवरून काढलाय असं लिहिलंत. जुनं मशीन एलजीए १२०० किंवा ११५१ सॉकेटचं होतं का? तुमच्या बोर्डाचं सॉकेट, म्हणजे प्रोसेसर बसतो ती जागा, एलजीए १७०० ची आहे. तिची भोकं ७८ मिलिमीटर अंतरावर आहेत, आधीच्या सॉकेटची ७५ वर. काही झेड६९० बोर्डांवर कंपनीने दोन्ही प्रकारची भोकं दिली, म्हणून जुनी पट्टी तशीच बसते आणि माणसाला वाटतं काम झालं. पण नव्या सॉकेटमध्ये प्रोसेसरचा माथा थोडा खाली आहे. जुन्या पट्टीने कूलर टेकतो, पण दाबून बसत नाही. माझा अंदाज, तुमच्या ७२ अंशांतले काही अंश इथेच गेले आहेत. कूलरच्या कंपनीची एलजीए १७०० ची माउंटिंग किट वेगळी मिळते, आधी ती आणा.

कूलर काढाल तेव्हा पेस्टचा ठसा बघा. दोन्ही बाजूंना पातळ, सारखा थर पसरलेला असेल तर ठीक. मध्ये ठिपका आणि कडेला कोरडं असेल तर दाब कमी पडला. एलजीए १७०० ची पकड लांबट प्रोसेसरला मध्यावर दाबते, त्यामुळे झाकण किंचित वाकतं. त्यावर ‘कॉन्टॅक्ट फ्रेम’ नावाची चौकट मिळते. तिने काही अंश उतरतात, पण ती कसताना स्क्रू कमी-जास्त झाले तर रॅमची एखादी चॅनेल गायब होते. पहिल्याच झटक्यात तिच्या मागे लागू नका. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, वाटाण्याएवढी नवी लावा, स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळा. आणि हसू नका, पण कूलरच्या तळाची प्लॅस्टिकची फिल्म काढली होती ना? वर्षाला एकदा तरी मला ती चिकटलेली सापडते. एकदा तर एका प्राध्यापकांच्या मशीनमध्ये सापडली. सर गप्प झाले, मीही काही बोललो नाही.

माउंटिंगचं एवढं कौतुक मला का, ते सांगतो. २००१ साली माझ्याकडे एएमडीचा ड्युरॉन ६५० होता. त्या काळी प्रोसेसरच्या माथ्यावर एल१ नावाचे सोन्याचे बारीक ठिपके असत. शिसपेन्सिलीने ते जोडले की मल्टिप्लायर (मूळ १०० मेगाहर्ट्झला ज्याने गुणून वेग मिळतो तो आकडा) उघडायचा. साडेसहाचा आठ केला की ६५० चा ८००, फुकटात. मी तो ८०० वर चालवला आणि गावभर सांगत सुटलो. पंधरवड्याने हीटसिंक काढून परत बसवताना क्लिपला स्क्रूड्रायव्हरने जोर दिला. ड्युरॉनवर झाकण नसे, सिलिकॉन उघडंच. कोपऱ्याचा कपचा उडाला. मशीन परत चालू झालं नाही. त्या दिवसापासून व्होल्टेजच्या आधी मी स्क्रू बघतो.

आता खोली आणि कॅबिनेट. आपल्याकडे अख्ख्या डब्यालाच ‘सीपीयू’ म्हणतात आणि कॉम्प्युटर टेबलाला त्या सीपीयूसाठी खाली एक कप्पा असतो, तिन्ही बाजूंनी बंद. तुमचा डबा तिथे असेल तर आधी बाहेर काढा. मागच्या पंख्याने फेकलेली गरम हवा भिंतीवर आपटून पुढून परत आत जाते. प्रोसेसरला ३८ ची खोली मिळतच नाही, त्याला ४५ चा कप्पा मिळतो. एक सोपी परीक्षा आहे: सिनेबेंच चालू असताना कॅबिनेटची बाजूची काच काढा. पाच मिनिटांत तापमान चार-पाच अंशांहून जास्त उतरलं तर दोष कूलरचा नाही, कॅबिनेटच्या हवेचा आहे. समोर दोन पंखे आत ओढणारे, मागे एक बाहेर फेकणारा, एवढं पुरतं. समोर बंद काच आणि मागे रंगीत दिवे असलेल्या कॅबिनेटबद्दल मी काही बोलत नाही.

धूळ तर आहेच, पण आपल्या भागात कापूस आहे. जिनिंगच्या हंगामात हवेतले तंतू कूलरच्या पट्ट्यांमध्ये पुढच्या बाजूला नमद्यासारखे जमतात. वरून पंखा स्वच्छ दिसतो. पंखा काढल्याशिवाय तो थर दिसत नाही. मऊ ब्रशने काढा. ब्लोअर मारणार असाल तर पंखा बोटाने धरून ठेवा, नाहीतर तो उलटा गरगरतो आणि त्याचं बेअरिंग जातं.

आणि आपला कूलर. म्हणजे खरा कूलर, पाण्याचा, वाळ्याचे किंवा लाकडी भुशाचे पडदे लावलेला. दुकानात कुणी ‘कूलर बिघडला’ म्हणालं की मला आधी विचारावं लागतं, कुठला? कोरड्या उन्हाळ्यात बाहेर ४४ असताना तो खोली तिशीच्या आसपास आणतो, आणि प्रोसेसरचं तापमान त्याच्या मागोमाग जवळपास तेवढंच उतरतं. हजारोंचा रेडिएटर लावूनही एवढा फरक पडत नाही. फक्त त्याचा झोत थेट कॅबिनेटवर नको. बोअरच्या जड पाण्याचे बारीक थेंब उडतात, मदरबोर्डवर पांढरे डाग पडतात आणि दोन वर्षांनी एखादा स्लॉट दगा देतो. मशीन खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. हवा दमट होते म्हणून आत पाणी साचेल, ही भीती नको. मशीनमधला प्रत्येक भाग खोलीपेक्षा गरमच असतो, त्यावर दव धरत नाही. पावसाळ्यात मात्र हा कूलर निरुपयोगी, त्याच्या भरवशावर आकडे ठरवू नका.

एवढं झालं की बायोसकडे, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंगकडे या. ‘लोड ऑप्टिमाइझ्ड डिफॉल्ट्स’ करा. रॅमचं एक्सएमपी (रॅम जास्त वेगाला चालवणारं तयार सेटिंग) हेही बंद. ते इथे महत्त्वाचं आहे, कारण एक्सएमपी हेदेखील ओव्हरक्लॉकच आहे आणि रॅमचा दोष प्रोसेसरच्या माथी मारून माणसं आठवडा वाया घालवतात. मग पॉवर लिमिट बघा. कित्येक झेड मालिकेचे बोर्ड ती स्वतःहून चार हजार वॅटच्या वर ठेवतात, म्हणजे मर्यादाच नाही. १२६००के साठी इंटेलची कमाल टर्बो पॉवर १५० वॅट आहे. तिथे १५० टाका. ते कुंपण आहे. तुम्ही पुढे काहीही चुकलात तरी ते मशीनला सावरतं.

या मूळ स्थितीत अर्धा तास सिनेबेंच आर२३ चालवा आणि चार गोष्टी वहीत लिहा: खोलीचं तापमान (भिंतीवरचा साधा थर्मामीटर पुरे, मोबाइलवरचं हवामान नको, ते बाहेरचं असतं), प्रोसेसर पॅकेजचं तापमान, पॅकेजची वॅट आणि ओझ्याखालचं व्हीकोअर (कोअरला मिळणारं व्होल्टेज). हे आकडे नसतील तर पुढचं सगळं हवेतलं.

मग पी-कोअरचा मल्टिप्लायर सगळ्यांना ४८. बेस क्लॉक १०० मेगाहर्ट्झचा, म्हणजे ४.८ गिगाहर्ट्झ. कंपनीचा सगळ्या पी-कोअरचा वेग ४.५ आहे, म्हणजे ही बढतीच झाली. बेस क्लॉकला हात लावू नका. तो वाढवला की त्यावर चालणारं इतरही बरंच काही हलतं. ई-कोअर (छोटे, कमी वीज खाणारे कोअर) आहेत तिथेच राहू द्या. व्होल्टेज ‘ओव्हरराइड’ किंवा ‘फिक्स्ड’ करून १.२५ ठेवा.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण ९० टक्के गोंधळ इथला आहे. (हा ९० माझ्या वैतागाचा आकडा आहे, मोजलेला नाही.) बायोसमध्ये टाकलेलं १.२५ आणि प्रोसेसरला ओझ्याखाली मिळणारं व्होल्टेज एक नसतं. ओझं आलं की व्होल्टेज थोडं खाली बसतं. गावात सगळ्यांनी एकदम मोटारी लावल्या की घरातला बल्ब मंद होतो ना, तसंच. हे बसणं कमी करायला ‘लोड-लाइन कॅलिब्रेशन’ म्हणजे एलएलसीचं सेटिंग असतं. लोक ते सर्वात कडक पायरीवर नेतात, म्हणजे व्होल्टेज हलतच नाही. पण मग ओझं अचानक उतरलं की त्या क्षणी व्होल्टेज वर उसळी मारतं, आणि ही उसळी कुठल्याच सॉफ्टवेअरमध्ये दिसत नाही, ती पकडायला ऑसिलोस्कोप लागतो. मधली पायरी घ्या. पायऱ्यांचे आकडेही फसवे आहेत: असूसच्या बोर्डावर मोठा आकडा कडक, एमएसआय आणि ॲसरॉकवर १ हा सर्वात कडक, आणि गिगाबाइट आकडेच देत नाही, शब्द देतं. व्हिडिओत ‘लेव्हल २’ ऐकून आपल्या बोर्डावर तेच टाकलं तर उलटंच होऊन बसतं. आकडा न पाहता परिणाम पाहा. ओझ्याखाली व्हीकोअर १.२० च्या आसपास दिसलं की झालं. बायोसमध्ये टाकायचा हा १.२५ सोडला, तर मी जो १.२० वा १.२५ म्हणतो तो ओझ्याखालचा.

आता दहा मिनिटं सिनेबेंच. पास झालं तर मल्टिप्लायर ४९. मशीन अडकलं किंवा निळा स्क्रीन आला तर हात व्होल्टेजकडे जाईल. जाऊ देऊ नका. एक पायरी खाली या. व्होल्टेज वाढवायचंच असेल तर आधी विचारा: आत्ताच्या खोलीत तापमान किती, आणि त्यात मेची खोली मिळवली तर किती? आज खोली ३४ असेल आणि पॅकेज ८०, तर फरक ४६. मेच्या दुपारी खोली ४२ धरली तर ८८. मी स्वतः सिनेबेंचला ९० आणि गेममध्ये ८० यांच्या वर जाऊ देत नाही. तुमच्या हिशेबात जागा उरत असेल तर ०.०१ व्होल्ट वाढवा, नसेल तर नाही. सगळ्याच चिप सारख्या नसतात. कुणाच्या भावाची १.२० ला ५.० चालवते, कुणाची १.२५ लाही ४.९ वर अडते. हे नशीब आहे, त्यावर दुकानदाराशी भांडता येत नाही.

आता ‘पास’ या शब्दाबद्दल. सिनेबेंच दहा मिनिटं पास म्हणजे गाडी पहिल्या किकला सुरू झाली, एवढंच. ती घाट चढेल की नाही ते अजून कळायचंय. घाट म्हणजे प्राइम९५. त्याचं ‘स्मॉल एफएफटी’ प्रोसेसरला खऱ्या कामापेक्षाही जास्त तापवतं. म्हणून एव्हीएक्स (प्रोसेसरला सर्वात जास्त तापवणारा गणिताचा प्रकार) बंद करून तासभर चालवा, तेवढं पुरे. प्राइम९५ ची गंमत अशी की मशीन कोसळलं नाही तरी ते चूक पकडतं. एखाद्या वर्करने ‘राउंडिंग’ची चूक सांगून काम थांबवलं, तर त्या कोअरने गणित चुकवलं, बाकी मशीन कितीही शांत दिसो. असं मशीन फाइल वाचवताना, झिप उघडताना चुका करत असतं आणि तुम्हाला महिन्यांनी कळतं. प्रोजेक्टची फाइल करप्ट झाली की दोष पेनड्राइव्हला जातो.

त्यानंतर ओसीसीटी किंवा वाय-क्रंचर तासभर, कारण ते ओझं एकसारखं न ठेवता बदलत ठेवतात आणि व्होल्टेजची उसळी-बसणी त्यातच उघडी पडते. आणि सर्वात शेवटी, ज्याला कुणी चाचणी समजत नाही ती चाचणी: मशीन रात्रभर रिकामं चालू ठेवा, ब्राउझर उघडा, व्हिडिओ लावा. पूर्ण ओझ्याखाली भक्कम आणि रिकामं असताना कोसळणारी मशीन मी भरपूर पाहिली आहेत. फिक्स्डवर सगळं जमलं की व्होल्टेज ‘ॲडॅप्टिव्ह’वर न्या, म्हणजे काम नसताना ते खाली येईल. आणि मग ही रिकामी चाचणी पुन्हा करा.

प्रोसेसर पूर्ण जमल्यावरच एक्सएमपी चालू करा आणि मेमटेस्ट८६ चे चार पास घ्या. रात्र जाते, जाऊ द्या. एकही चूक दिसली तर रॅम ३४०० किंवा ३२०० वर आणा. रॅममध्ये ‘फक्त एकच एरर’ असा प्रकार नसतो.

मशीन कोसळलंच तर त्याने काय सांगितलं ते वाचा. निळ्या स्क्रीनवर ‘व्हिया अनकरेक्टेबल एरर’ किंवा ‘क्लॉक वॉचडॉग टाइमआउट’ असेल तर बहुतेक वेळा कोअरला व्होल्टेज कमी पडतंय, म्हणजे मल्टिप्लायर एकने उतरवा. ‘मेमरी मॅनेजमेंट’ किंवा ‘आयआरक्यूएल’ वगैरे असेल तर आधी रॅमवर संशय घ्या. निळा स्क्रीन नाही, नुसतं खटकन बंद झालं, तर पॉवर सप्लाय, मदरबोर्डवरचे व्हीआरएम (प्रोसेसरला व्होल्टेज पुरवणारे भाग) किंवा तापमान. गेम निमूट डेस्कटॉपवर येऊन पडत असेल, तर प्रोसेसर किंवा रॅम, दोन्हीपैकी काहीतरी अगदी काठावर आहे. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘व्हिया-लॉगर’च्या नोंदी शोधा. कोसळण्याच्या आधी कित्येक दिवस तिथे दुरुस्त झालेल्या चुका जमा होत असतात. ‘कर्नल-पॉवर ४१’ बघून घाबरू नका. मशीन अचानक बंद झालं होतं एवढंच ते सांगतं, का ते सांगत नाही. लाइट गेली तरी तीच नोंद होते. ती वाचून पॉवर सप्लाय बदलणारे लोक आहेत.

तुमच्या १.४० बद्दल अजून एक. तीन महिन्यांत प्रोसेसर मेला नसेल, पण जास्त व्होल्टेज आणि जास्त तापमान मिळून चिप हळूहळू म्हातारी होते. म्हातारी म्हणजे, काल ज्या वेगाला १.२० पुरत होतं त्याला उद्या १.२३ लागतं. हे नुसतं हौशी लोकांचं म्हणणं नाही. २०२४ मध्ये इंटेलने स्वतः मान्य केलं की १३व्या आणि १४व्या पिढीचे काही डेस्कटॉप प्रोसेसर वाढीव व्होल्टेजमुळे कायमचे अस्थिर होत होते. त्यांनी मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या मूळ सूचना) बदलले आणि त्या प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. तुमची १२वी पिढी त्यात नाही. पण धडा तोच आहे, आणि तिथे तर लोकांनी ओव्हरक्लॉक केलंही नव्हतं, प्रोसेसरचा मायक्रोकोडच जास्त व्होल्टेज मागत होता, आणि बोर्डांची सेटिंगही सढळ होती. त्याआधी २०२३ मध्ये एएमडीचे ७००० मालिकेतले काही एक्स३डी प्रोसेसर जळाले, तेव्हा एसओसी व्होल्टेजला (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरसारख्या भागांच्या व्होल्टेजला) १.३ ची मर्यादा घालावी लागली. म्हणून बायोस अद्ययावत ठेवा आणि ‘ऑटो’ शब्दावर भोळा विश्वास नको. तुमचा प्रोसेसर ५.२ ला आता १.४० मागतोय की त्याहून जास्त, हे मी इथून सांगू शकत नाही. पण ४.८-४.९ ला तो अजून तरणा असावा.

वॉरंटीचं म्हणाल तर ओव्हरक्लॉकमुळे झालेलं नुकसान तिच्यात धरत नाहीत. इंटेलने त्यासाठी वेगळी विकत घ्यायची योजना ठेवली होती, तीही २०२१ मध्ये बंद केली.

हे वाचणाऱ्या एएमडीवाल्यांना दोन वाक्यं. रायझनवर सगळे कोअर एका वेगाला बांधण्यात आता अर्थ नाही. एकट्या कोअरचा मूळ बूस्टच अनेकदा त्याहून वर जातो, तो तुम्ही गमावता. त्याऐवजी पीबीओमधलं (एएमडीचं वेग आपोआप वाढवणारं सेटिंग) ‘कर्व्ह ऑप्टिमायझर’ उणे १० वर ठेवा, चाचणी करा, मग उणे १५, उणे २०. एक आकडा म्हणजे साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट कमी. व्होल्टेज उतरतं, तापमान उतरतं आणि वाचलेल्या जागेत प्रोसेसर स्वतःच वेग चढवतो. आपल्या हवामानाला याहून सोयीचं ओव्हरक्लॉकिंग मला माहीत नाही. फक्त ए५२० चा बोर्ड असेल तर नाद सोडा, आणि ५८००एक्स३डी तर कंपनीनेच कुलूपबंद केलेला आहे. ७००० मालिकेचा कोणी ९५ अंश बघून घाबरला असेल, तर तो प्रोसेसर पूर्ण ओझ्याखाली ९५ पर्यंत जाणारच अशा हिशेबाने बनवलाय. पीपीटीची, म्हणजे प्रोसेसरच्या वीज-मर्यादेची, वॅट थोडी कमी केलीत तर तो मुकाट्याने गार होतो आणि वेग फारसा गमावत नाही.

परत तुमच्याकडे. शेवटी बायोसमध्ये दोन प्रोफाइल साठवा. एकाला नाव द्या ‘वैशाख’: ४.८, ओझ्याखाली १.२०. दुसऱ्याला ‘पौष’: ४.९ किंवा जमलंच तर ५.०, ओझ्याखाली १.२५. होळी झाली की पहिलं, दिवाळी झाली की दुसरं. माझ्या स्वतःच्या मशीनवर हीच दोन नावं आहेत. बायोस देवनागरी घेत नाही म्हणून ती रोमन अक्षरांत टाकावी लागली, तेवढं चालवून घ्या.

बायोसमध्ये बदल केल्यावर स्क्रीनच येईना, तर घाबरून प्रोसेसर काढू नका. पॉवरची वायर काढा, बोर्डावरची सीआर२०३२ ची बटण-बॅटरी पाच मिनिटं बाहेर ठेवा किंवा ‘क्लिअर सीमॉस’च्या दोन पिना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर जोडा. साठवलेली प्रोफाइल काही बोर्डांवर यातही टिकतात, काहींवर उडतात. म्हणून सगळे आकडे वहीत हवेत.

आधी माउंटिंग किट आणि कॅबिनेटचा कप्पा, मग बाकीचं. किट बसवल्यावर मूळ सेटिंगवरचे ते चार आकडे मला पाठवा: खोली, पॅकेज, वॅट, व्हीकोअर. पेस्टच्या ठशाचा फोटोही पाठवा, पुसण्याआधी.